बारा चष्मे

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्याला दोन शब्दकोश एकाच वेळी उघडे ठेवावे लागतात. आम्ही मूळचे अकोल्याचे. बी.एड. तिथेच केले आणि नोकरीच्या निमित्ताने अमरावतीला आलो. आमच्या वर्गातली मुले घरी वऱ्हाडी वळणाची उर्दू बोलतात, बाजारात वऱ्हाडी बोलतात, टीव्हीवर हिंदी ऐकतात आणि शाळेत त्यांना पुस्तकी उर्दू व पुस्तकी मराठी शिकावी लागते. या मुलांना मराठीतले अनोळखी शब्द अवघड जातात, असा एक समज आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. 'वात्सल्य' किंवा 'निसर्गरम्य' हे शब्द मुले पाठ करतात आणि मोकळी होतात. त्यांना अडवतो तो ओळखीचा शब्द.

'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'तकरार' उर्दूत भांडण, मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे आणि मूळ अरबीत नुसती पुनरावृत्ती. 'सही' उर्दूत बरोबर, मराठीत दस्तखत. 'गरीब' हा शब्द अरबीत परक्या माणसासाठी आहे, आपल्याकडे तो खिसा रिकामा असणाऱ्याला लागला. टीव्हीवरच्या हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे तालीम, मराठीत मात्र तीच शिक्षा पाठीवर बसते. पहिल्या आठवड्यात हे सांगितले की वर्ग खळखळून हसतो. हसून झाले की आम्ही फळ्यावर 'राजीनामा' लिहितो. तो शब्द लिहिताना मात्र आम्हाला हसू येत नाही.

आमचे एक मामू अकोल्यात एका खासगी संस्थेत चौकीदार होते. शिक्षण उर्दू पाचवीपर्यंत. मराठी बोलता येत होती, वाचता येत नव्हती. एका कारकुनाशी त्यांची बोलाचाली झाली आणि ती वाढली. वरिष्ठांनी दोघांना बोलावले आणि मामूंना सांगितले, ''कशाला वाढवता? राजीनामा लिहून द्या, विषय संपवा.'' कागद मराठीत तयारच होता. मामूंनी खाली उर्दूत नाव लिहिले आणि घरी येताना पाव किलो जिलेबी आणली. ''राजीनामा हो गया, झगडा खतम,'' असे त्यांनी नानीला सांगितले. दुसऱ्या दिवशी फाटकावर दुसरा माणूस उभा होता. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी होऊन लिहिलेला समझोता. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या साहेबांनी हे जाणूनबुजून केले की त्यांच्या लेखी त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता, हे कोणालाच कळले नाही. मामूंनी पुढे अंड्यांची गाडी लावली. कोणी विषय काढला की म्हणायचे, ''मैंने तो सुलह पे दस्तखत किए थे.''

शब्दाचा प्रवास पाहिला तर दोन्ही अर्थ एकाच 'राजी'तून निघालेले दिसतात. जुन्या महसुली व्यवहारात खातेदार आपली जमीन सोडायचा तेव्हा राजीनामा द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत लिहून द्यायचा. 'मी राजीखुशीने सोडतो' असे त्या कागदाचे म्हणणे. जमीन सोडण्यावरून पद सोडण्याकडे शब्द सरकला. उर्दूत तो वाद मिटवण्याच्या बाजूला राहिला. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला. असे शेकडो शब्द मराठीत येऊन इथलेच झाले आहेत. घर बदलले की माणसाच्या सवयी बदलतात, तसे शब्दाचेही होते. त्यात चूक कोणाची नाही. पण दोन्ही घरे ठाऊक नसलेला माणूस मधल्या मध्ये रस्त्यावर येतो.

आता चष्म्याची गोष्ट. आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी आंतरशालेय मराठी वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. विषय होता पाणी. तिने तयारी स्वतः केली होती आणि घरी ऐकलेली मूसा अलैहिस्सलाम यांची हकीकत घेतली होती. तहानलेली कौम, खडक, खडकावर मारलेली काठी. ती रंगून सांगत होती आणि म्हणाली, ''खडकातून बारा चष्मे निघाले.'' सभागृहात हशा पिकला. कोणी तरी मागून विचारले, ''नंबराचे की उन्हाचे?'' मुलगी थांबली. दोन मिनिटे शिल्लक असताना खाली उतरली. परतीच्या वाटेवर तिने एकच प्रश्न विचारला, ''चश्मा तो चश्मा ही होता है ना?''

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही बसलो, ते थेट हिब्रूपर्यंत जाऊन पोहोचलो. हिब्रू म्हणजे आपल्या उर्दूतली इब्रानी. आम्हाला ती भाषा येते असे नाही. तिची अक्षरे लावता येतात आणि अरबीच्या आधाराने काही शब्दांची ओळख पटते, इतकेच.

फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा. त्यावरून 'चश्मा' झाला. जमिनीतला डोळा म्हणून झरा आणि डोळ्यावरची काच म्हणूनही चश्मा. उर्दूने दोन्ही अर्थ ठेवले, मराठीने फक्त काच ठेवली. पण सूरह बकराच्या ज्या आयतीत ही हकीकत आहे, तिथे मूळ अरबी शब्द चश्मा नाही. तिथे शब्द आहे 'ऐन'. आणि 'ऐन' म्हणजेही डोळा व झराच. अरबीची बहीण हिब्रू. तिथे तोच शब्द 'आयिन' असा उच्चारला जातो आणि त्याचेही हेच दोन अर्थ. फारसी तर या दोघींच्या कुळातली नाही. तरीही तिन्ही भाषांच्या लोकांना जमिनीतून वर येणारे पाणी पाहून डोळाच आठवला. ज्या मुलुखात पाणी दुर्मिळ, तिथे झरा दिसणे म्हणजे जमिनीने डोळा उघडणे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हे समजायला कठीण नाही.

हिब्रूत हे दोन अर्थ वेगळे कसे ओळखायचे? एक खूण व्याकरणात आहे. एकवचनात शब्द एकच, पण डोळे जोडीने असतात म्हणून त्यांचे रूप 'एनायिम' असे द्विवचनी होते आणि झऱ्यांचे 'अयानोत' किंवा 'एनोत' होते. तौरातमध्ये मूसांच्या प्रवासात एलिम नावाचा मुक्काम येतो. तिथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे होती. कुरआनातला प्रसंग वेगळा आहे, पण आकडा तोच बारा आणि शब्दही तोच. आमच्या विद्यार्थिनीचे बारा चष्मे इतक्या दुरून आले होते.

दुसरी खूण वाक्यात असते आणि काही वेळा वाक्य दोन्ही अर्थ जवळ ठेवते. तौरातच्या पहिल्या ग्रंथाच्या शेवटी याकूब अलैहिस्सलाम आपल्या मुलांना दुआ देतात. यूसुफांना ते झऱ्याकाठच्या फळत्या फांदीची उपमा देतात. तिथे 'आयिन' आहे. सरळ अर्थ झरा. पण तालमूदमधल्या यहुदी विद्वानांनी त्याच अक्षरांतून दुसरा अर्थही वाचला. 'आयिन'च्या वर, म्हणजे नजरेच्या वर. यूसुफांच्या वंशाला वाईट नजर बाधत नाही, असा त्यांचा अर्थ. हे वाचताना आम्हाला सूरह यूसुफ आठवली. याकूब आपल्या मुलांना सांगतात, सगळे एकाच दरवाज्याने आत जाऊ नका. अनेक मुफस्सिरांनी याचे कारण दिले आहे ते हेच, इतकी देखणी मुले एकत्र पाहून नजर लागू नये. अरबीतही 'ऐन' म्हणजे लागणारी नजर. आमची नानी मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकायची आणि शेजारच्या काकू तेच करून त्याला दृष्ट काढणे म्हणायच्या. शब्द वेगळे, ठसका एकच.

आपल्या उर्दू वाचकांना हे नवीन वाटू नये. ज्या शायरीवर आपण वाढलो तिच्यात 'ईहाम' नावाची सनअत आहे. एका शब्दाचे दोन अर्थ, जवळचा आणि दूरचा. औरंगाबादच्या वलीने ती वापरली आणि पुढे दिल्लीत तिचा बोलबाला झाला. मराठीत जवळपास याच जातीचा श्लेष आहे. शाळेत आपण बैतबाजी घेतो. 'बैत' म्हणजे घर आणि 'बैत' म्हणजे शेर. हिब्रूतही 'बायित' म्हणजे घर आणि कवितेचे कडवेसुद्धा. अरबीत 'मिसरा' म्हणजे मुळात दाराची एक फळी. दोन फळ्या मिळून एक घर बंद होते, दोन मिसरे मिळून एक शेर.

बहिणी असल्या तरी त्या फसवतातही. अरबीत 'लहम' म्हणजे मांस, हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकरी. मूळ एकच, बहुधा 'मुख्य अन्न' असा अर्थ असावा. एका घरात भाकरी मुख्य ठरली, दुसऱ्यात मांस. हा थेट आमच्या राजीनाम्याचा भाऊ. शिवाय हिब्रू आपल्या उर्दूसारखीच बहुतेक वेळा जेर-जबर न देता लिहिली जाते. स, फ, र या तीन अक्षरांचे 'सेफेर' वाचले तर पुस्तक, 'सपार' वाचले तर न्हावी, 'सिपेर' वाचले तर 'त्याने सांगितले' आणि 'साफार' वाचले तर 'त्याने मोजले'. आमची मुले हे ऐकून घाबरत नाहीत. त्यांना ठाऊक आहे की ऐन, लाम, मीम ही तीन अक्षरे शाळेत 'इल्म' असतात आणि मोहरमच्या मिरवणुकीत 'अलम'. पुढचे-मागचे वाक्य पाहिल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हे उर्दू वाचणारे मूल पहिलीतच शिकते. फक्त अक्षरांबाबत शिकलेली ही सावधगिरी आपण अर्थांबाबत विसरतो.

हिब्रू शब्दांचे अर्थ मराठीत लावण्याचा उद्योग महाराष्ट्रात जुना आहे. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलत आणि तेलाचा धंदा करीत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 'बेने इस्राएल' म्हणजे आपले 'बनी इस्राईल'. त्यांचे धर्मविधी करणाऱ्यांना ते 'काजी' म्हणत. मुंबईत सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर लोकांमध्ये 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले. मस्जिद बंदरचे नाव त्यावरूनच पडले, असेही सांगितले जाते. म्हणजे काजी आणि मशीद या शब्दांचा या महाराष्ट्रात आणखी एक अर्थ होऊन गेला आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

या समाजासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. पुढे त्याच समाजातले जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या त्याच कामात होत्या. या सगळ्यांसमोर पानोपानी हाच प्रश्न आला असणार. मूळ शब्दात डोळा आहे आणि झराही आहे. मराठीत दोन्ही मावणारा शब्द नाही. एक घ्यावा लागतो, एक सोडावा लागतो. आणि जे सुटले ते होते, याची आठवण अनुवादकाने ठेवायची असते.

हे सगळे आम्ही वर्गात थोडे थोडे सांगू लागलो, आणि २०२३ चा ऑक्टोबर आला. गाझाच्या बातम्या आणि चित्रे मोबाइलवरून घराघरात आली. आम्ही फळ्यावर उर्दूचा ऐन आणि हिब्रूचा आयिन शेजारी शेजारी काढला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, ''ये उनकी जबान है. हम क्यूँ सीखें?''

वर्ग शांत झाला. त्या मुलाला रागावण्याचे कारण नव्हते. मेलेली मुले त्याच्याच वयाची होती आणि आमच्याही डोळ्यांसमोरून ती हलत नव्हती. आम्ही त्याला इतकेच विचारले, ''मूसा, याकूब, यूसुफ यांची नावे घेताना आपण 'उनके' म्हणतो का?'' मग त्याला ऐन जालूत सांगितले. १२६० साली याच ठिकाणी मामलुकांनी मंगोल फौजेला हरवले, हे त्याने इतिहासात ऐकले होते. त्या नावातला ऐन म्हणजे झरा, हे त्याला माहीत नव्हते. तो झरा म्हणून जो ओळखला जातो, त्याला हिब्रूत एन हरोद म्हणतात. अरबी नावात तोच ऐन, हिब्रू नावात तोच ऐन. पाणी एक, नावे दोन, आणि दोन्ही नावांची सुरुवात डोळ्याने. ज्यांनी बॉम्ब टाकले त्यांचा हिशेब आपण सरकारांकडे आणि माणसांकडे मागू. तो एका अक्षराकडे मागता येत नाही. मुलगा बसला. त्याचे समाधान झाले की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

कारण एकच अर्थ धरून बसण्याचा त्रास आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. 'फतवा' हा शब्द घ्या. कोणी विचारले असता मुफ्तीने दिलेले धार्मिक मत, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी वृत्तपत्रांत पक्षाध्यक्षही फतवा काढतात आणि मुख्याध्यापकही काढतात. तिथे त्याचा अर्थ हुकूम, तोही जरा मनमानी. मराठीने तो अर्थ दिला आहे आणि आता तो पुसता येणार नाही. आम्हीही बोलताना तसा वापरतो. पण मशिदीतल्या मुफ्तींनी मत दिले आणि बातमीत 'फतवा' छापून आले, तर वाचणाऱ्याला हुकूमच दिसतो. अशा वेळी 'तुम्ही चुकीचा अर्थ घेता' असे ओरडून काही होत नाही. 'हा शब्द आमच्याकडे असा आहे, तुमच्याकडे कसा आला ते सांगा' असे बोलणे सुरू करावे लागते. आणि हे दुसऱ्यांना सांगायचे असेल तर दुसऱ्यांच्या शब्दाबाबत आपणही तसेच वागले पाहिजे, हिब्रूच्यासुद्धा.

अर्थ शोधण्याचा नाद लागला की तो वाहवतही नेतो. आम्ही 'ऐन' शिकवताना मराठीतला 'ऐन वेळी' सांगितला. हा ऐन अरबीचाच. डोळा, मग वस्तूचा गाभा, मग नेमके तेच, असा तो इथवर आला. मेळघाटातल्या धारणीकडून आलेला एक मुलगा म्हणाला, ''आमच्याकडे ऐन नावाचं झाड असतं.'' त्याचे वडील जंगलात कामाला जायचे. त्याने पुढे सांगितले की ऐनाच्या खोडात कधी कधी पाणी साठते आणि कुऱ्हाड मारली की धार लागते. हे खरे आहे. सगळा वर्ग उसळला. झाडातून झरा, म्हणजे हाच तो ऐन! त्यांना थांबवावे लागले. झाडाचे नाव इथल्या मातीतले आहे, अरबस्तानातून आलेले नाही. दोघांचा चेहरा एक आहे, नाते नाही. एका शब्दाचे दोन अर्थ असणे वेगळे आणि दोन शब्दांचे एक रूप असणे वेगळे. धारणीच्या मुलाने लगेच वहीत दोन ओळी वेगळ्या केल्या.

त्या वहीचा पुढे चांगला उपयोग झाला. वर्गाची म्हणून एक वही ठेवली आहे. मुले घरातले, दुकानातले, कचेरीतले शब्द आणतात आणि पुढे दोन्ही अर्थ लिहितात. पहिल्या पानावर राजीनामा आहे. वक्तृत्वाच्या त्या मुलीने पुन्हा स्पर्धेत नाव दिले नाही, आम्ही पुष्कळ समजावले तरी. पण 'चष्मा' तिच्याच हस्ताक्षरात आहे. उर्दू, मराठी, फारसी, अरबी आणि शेवटी इब्रानी, अशा पाच ओळी.

गेल्या दोन वर्षांत त्या वहीची बातमी घरी पोहोचली. शनिवारी शाळा सुटली की दोन-तीन पालक दाराशी उभे असतात. कोणाच्या हातात सोसायटीचा कागद, कोणाच्या हातात तलाठ्याची नोटीस, कोणाला मालकाने काही लिहून मागितलेले. आम्ही कागद वाचून दाखवतो. पण आम्ही दर वेळी सोबत असणार नाही, म्हणून त्यांना एक वाक्य मराठीत पाठ करायला लावले आहे. सही करण्याआधी समोरच्याला विचारायचे, ''साहेब, ह्या शब्दाचा तुमच्याकडे अर्थ काय?'' मागच्या महिन्यात एका हातमागवाल्या चाचांनी ते विचारले. साहेबांनी वर पाहिले, खुर्ची दिली आणि कागद सुरुवातीपासून वाचून दाखवला. चाचांनी मग खाली उर्दूत नाव लिहिले.